माझी पावणेदोन टनांची आणि दादाची

माझ्याकडे स्पोर्ट्स कार आहे, हे वाक्य मी जितक्या वेळा उच्चारलं असेल तितके किलोमीटर ती गाडी धावली असेल की नाही, याची मला शंका आहे. लाल रंग, दोन दारं, पुढे जेवणाच्या टेबलाएवढं बॉनेट आणि त्याखाली आठ सिलिंडरांचं इंजिन. मागे दोन सीट आहेत असं कागदावर लिहिलंय, पण त्यांवर माझा काळा कोट आणि चार फायली एवढेच प्रवासी बसू शकतात. मी नागपुरात घटस्फोटाचे खटले चालवतो. ही गाडी मी अशाच एका जोडप्याकडून विकत घेतली. दोघांचं आयुष्यभरात एकाच गोष्टीवर एकमत झालं होतं, ते म्हणजे गाडी समोरच्याला मिळता कामा नये. मी दोघांचीही इच्छा पूर्ण केली.

मी शहराच्या टोकाला, बेसाला राहतो. तिथे प्रत्येक लेआउटने, म्हणजे प्लॉट पाडून वसवलेल्या प्रत्येक वस्तीने, आपापले स्पीडब्रेकर करून घेतले आहेत. त्यासाठी कोणी कुठल्या ऑफिसची वाट पाहत नाही. घर बांधून झालं, थोडं सिमेंट उरलं की ते दारासमोरच्या रस्त्यावर ओतायचं. काही स्पीडब्रेकर इतके उंच आहेत की त्यांच्या मागे लहान मूल उभं राहिलं तर दिसणार नाही. माझी गाडी जमिनीपासून चार बोटं वर. त्यामुळे प्रत्येक उंचवट्याला ती तिरकी घ्यावी लागते, आधी एक चाक, मग दुसरं, आणि मधे पोटाखालून असा आवाज येतो की शेजारच्या गॅलरीतल्या काकू स्वतःची कंबर धरतात. दूध आणायला निघालेल्या बायका स्कूटीवरून मला ओव्हरटेक करतात आणि वर हातही दाखवतात. बायकोने तर माझ्यासोबत त्या गाडीतून जाणं केव्हाच सोडलंय. ती म्हणते, मला पोहोचायचं असतं, तुला दिसायचं असतं.

तरीही घराण्यातली एकमेव स्पोर्ट्स कार माझी होती आणि त्याचा मला माज होता. हे इथेच सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं त्यात या माजाचा वाटा आहे.

दादा माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा. तो खापरखेड्याच्या वीज केंद्रात टर्बाइनच्या देखभालीवर आहे. बाबाही तिथेच होते, कोळशाच्या बाजूला. आम्ही त्या कॉलनीतच वाढलो, जिथे दोरीवर पांढरा शर्ट वाळत घालण्याची हिंमत फक्त नवीन लग्न होऊन आलेल्या बायका करायच्या. दादाला लहानपणापासून वस्तू बनवायचा रोग आहे. त्याने ड्रमपासून कपडे धुण्याचं यंत्र बनवलं होतं, त्यातून बाबांचा युनिफॉर्म चिंध्या होऊन बाहेर आला. जुन्या बेअरिंगांवर फळी ठोकून गाडी बनवली, तिला ब्रेक लावायचे राहून गेले. हनुवटीखाली माझ्या एक खूण आहे, ती त्या गाडीची. दादाच्या प्रत्येक शोधाचा पहिला प्रवासी मी असायचो, आणि खाली पडल्यावर पहिली शिवीही मीच घालायचो. दादाने ते मनात धरून ठेवलं होतं, पण माझ्या बाजूने. "सगळे तोंडावर वा वा करते," तो म्हणायचा. "तू एकटाच असा आहे गा, जो मले सरळ सांगते."

गेली तीन वर्षं दादा सुटीच्या दिवशी घरी सापडत नव्हता. कळमेश्वरच्या औद्योगिक वसाहतीत त्याच्या एका मित्राचं शेड आहे. मित्र कूलरच्या फायबरच्या बॉड्या बनवतो. त्या शेडाच्या कोपऱ्यात दादा एक गाडी बनवत होता. चौकोनी लोखंडी नळ्यांचा सांगाडा, त्यात एका म्हाताऱ्या छोट्या गाडीचं इंजिन, वरून मित्राने ओतलेली फायबरची बॉडी. हलकी स्पोर्ट्स कार, असं तो म्हणायचा, आणि म्हणताना माझ्या गाडीकडे असं पाहायचा की जणू ती लग्नात फार जेवून आली आहे. आम्ही सगळे हसायचो. कूलर तर कूलर, उन्हाळ्यात बाहेर काढू, असं मीच म्हणालो होतो.

मग एका ट्रॅकवाल्याने त्याला फोन केला. पुण्याकडे कुठेतरी शर्यतीचा छोटा ट्रॅक होता, तिथे लोकांना तासावर चालवायला द्यायला अशा गाड्या हव्या होत्या. रस्त्यावर आणायच्या नाहीत, त्यामुळे पासिंगची भानगड नाही. आधी सहा द्या, आवडल्या तर पुढे बघू. सहा गाड्या सुटीच्या दिवशी बनत नाहीत. दादाने ठरवलं की मी ती गाडी चालवून पाहायची, माझ्या गाडीशी तुलना करायची आणि ती चांगली आहे की नाही ते सांगायचं. मी चांगली म्हटली तर तो नोकरीचा राजीनामा देणार होता. निवृत्तीला आठ वर्षं बाकी असताना.

ही बातमी मला दादाने दिली नाही, वहिनीने दिली. वहिनी मला कधी फोन करत नाही, ती माझ्या बायकोला करते. त्यामुळे स्क्रीनवर तिचं नाव दिसल्यावर कोणीतरी गेलं असं वाटून मी कोर्टाच्या आवारातच उभा राहिलो.

"भाऊजी, ते तुमाले गाडी दाखवाले बोलावतीन," ती म्हणाली. "तुमी वाईट आहे म्हनून सांगा."

"चालवायच्या आधीच?"

"चालवा न, मंग सांगा. पण वाईटच सांगा. मी अडवलं त जनमभर म्हनतीन का बायकोनं अडवलं. तुमी सांगतलं त गाडीनंच अडवलं असं होते."

वकिलीत इतकी वर्षं काढली, पण इतका बिनचूक युक्तिवाद मी कोणाकडून ऐकला नव्हता. वहिनीचे वडील ज्या कापड गिरणीत कामाला होते ती बंद पडली तेव्हा ती सहावीत होती. त्यानंतर त्या घरात काय काय झालं हे ती कोणाला सांगत नाही, पण तिच्या स्वयंपाकघरात आजही दोन महिन्यांचं धान्य भरलेलं असतं आणि पगाराच्या तारखेला ती सकाळपासून थोडी जास्त बोलते. मी लगेच हो म्हणालो. तिच्यासाठी म्हणालो, असं तेव्हा स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे दादाची गाडी वाईट असणं मलाही सोयीचं होतं.

रविवारी दादा पहाटेच बाइकने कळमेश्वरला निघून गेला होता. मी खापरखेड्याला जाऊन वहिनीला घेतलं. ती डबा मांडीवर घेऊन माझ्या गाडीत बसली, म्हणजे आधी उभी राहिली, मग वाकली, मग देवाचं नाव न घेता जेवढं घसरता येईल तेवढी खाली घसरली. "रस्ता त दिसतच नाही, भाऊजी," ती म्हणाली. "नुसतं बॉनेट दिसून राहिलं." आम्ही वाटेत काय बोलायचं ते ठरवून घेतलं. स्टिअरिंग जड आहे, ब्रेकचा भरवसा नाही, वळणावर मागची बाजू सुटते. या तीन मुद्द्यांवर कोणतीही गाडी निकालात काढता येते. वहिनीने ते दोनदा माझ्याकडून म्हणून घेतले.

शेडात गेलो तर गाडी मधोमध उभी होती. तिचा रंग कूलरचा, तो ठरलेला फिका पिवळा, कारण मित्राकडे तोच उरला होता. नाकावर हवेसाठी आडव्या फटी. दारं नाहीत, छत नाही, आणि सीट एकच.

"कूलरची खस कुठं लावते?" मी विचारलं.

"मले मालूम होतं तू हेच बोलशीन," दादा म्हणाला. तो इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. मला ते पाहून उगाच कसंतरी झालं.

शेडवाल्या मित्राने चार लिंबं आणली होती. नवी गाडी आहे, चाकाखाली चिरडल्याशिवाय हलवायची नाही, असं त्याचं म्हणणं. आमच्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली, तेव्हापासून आमच्या घरात लिंबू वरणावर पिळतात, चाकाखाली ठेवत नाहीत. पण शेड त्याचं, फायबर त्याचं, आणि तीन वर्षं भाडं न मागितलेला माणूस तो, म्हणून दादा म्हणाला ठेव बाप्पा. दादाने गाडी हळूच पुढे घेतली. दोन लिंबं चिरडली, दोन चाकाखालून सटकून शेडाच्या कोपऱ्यात गेली. मित्राचं तोंड उतरलं. दादाचं मात्र खुललं. "पाह्य," तो मला म्हणाला, "वजनच नाही तिले." वहिनीने कोपऱ्यातली लिंबं उचलली, नळावर धुतली आणि डब्यातल्या पोह्यांवर पिळली.

वजनावरूनच पुढचा सगळा तमाशा झाला. दादा छातीठोकपणे सांगत होता की गाडी पाचशे किलोच्या आत आहे. ट्रॅकवाल्यालाही त्याने तेच सांगितलं होतं. मी म्हटलं, तुलना करायची तर काट्यावर करू. वसाहतीच्या टोकाला धरमकाटा आहे, ट्रक तोलायचा. आम्ही दोन्ही गाड्या तिकडे नेल्या. काट्यावरचा माणूस खिडकीतून डोकं काढून बराच वेळ पाहत राहिला.

"ट्रक कुठं आहे?" त्याने विचारलं.

"हेच तोलाचं आहे," दादा म्हणाला.

"माल काय लिहू? मालाशिवाय पावती निघत नाही."

त्याच्या कॉम्प्युटरमध्ये सोयाबीन, कापूस, कोळसा आणि भंगार एवढेच पर्याय होते. माझ्या गाडीपुढे त्याने विचार न करता भंगार दाबलं. वजन निघालं पावणेदोन टनांच्या वर. दादाने ते मोठ्याने वाचलं आणि शेडवाल्या मित्राला पुन्हा वाचून दाखवायला लावलं. मग तो ऐटीत स्वतःची गाडी काट्यावर घेऊन गेला. तिच्यापुढे सोयाबीन लिहिलं गेलं. आकडा आला पाचशे सत्तर.

दादाचा चेहरा मला अजून आठवतो. तो सीटवर बसूनच मान वळवून आकड्याकडे पाहत होता. कुठली नळी जास्त जाड घेतली, कुठे फायबर दोनदा ओतलं, हे त्याच्या डोक्यात सुरू झालं होतं, ते दिसत होतं. मी मनात म्हटलं, चला, मला बोलायचीही गरज उरली नाही. आणि वहिनीकडे पाहिलं. तिला हवं होतं ते अगदी फुकटात झालं होतं.

"तुमी त खाली उतरा न," वहिनी म्हणाली.

"काहून?"

"तुमी बसून आहे न तिच्यात. तुमचं वजन कोन वजा करन?"

"डायवर उतरत नसते, ताई," काट्यावरचा माणूस म्हणाला. "भरल्यावरही तोच बसते, खाली झाल्यावरही तोच बसते. त्याचा हिशेब राहत नाही."

इथे आमच्या घराण्याची अक्कल उघडी पडली. बाबांनी आणि दादाने सगळा जन्म कोळशाचे ट्रक तोलताना पाहिले. ड्रायव्हर खाली उतरत नाही, हे त्यांच्या हाडात भिनलेलं. वीस टनांच्या ट्रकात एका माणसाचं काय वजन? पण दादाच्या गाडीत दादा म्हणजे जवळपास सातवा हिस्सा होता. मी वकील, मलाही ते सुचलं नाही. दादा उतरला. आकडा घसरला आणि चारशे नव्वदवर येऊन थांबला. दादा एवढ्या जोराने हसला की काट्यावरचा माणूसही हसला. वहिनी लगेच दुसरीकडे पाहायला लागली, तिथे काही नव्हतं, बंद कारखान्याची भिंत होती. मी ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं.

"आता चालव," दादा मला म्हणाला. "पान्याच्या टाकीपर्यंत जा, वळून ये. वसाहतीच्या बाहेर जाऊ नको, नंबर नाही तिले."

त्या गाडीत बसतात असं म्हणणं चूक आहे. ती पायजम्यासारखी चढवावी लागते. स्टिअरिंग हलकं होतं, हे मला पहिल्या वळणावरच कळलं आणि माझा पहिला मुद्दा गेला. टाकीपाशी ब्रेक दाबला तर गाडी जिथल्या तिथे थांबली, दुसरा मुद्दाही गेला. तिसऱ्या मुद्द्यासाठी नीट वळण पाहिजे होतं, आणि नीट वळण वसाहतीत नव्हतं. म्हणून मी कायद्याची पदवी टाकीपाशी ठेवली आणि वसाहतीबाहेर, मोहप्याच्या रस्त्याला लागलो.

माझ्या गाडीत मी पेडल दाबतो, मग आतल्या आत कुठेतरी विचारविनिमय होतो, मग एक गर्जना होते आणि पावणेदोन टन पुढे ढकलले जातात. मी फक्त साक्षीदार असतो. या गाडीत मी जे मनात आणत होतो ते तिने केलेलं असायचं. रस्त्यावरचा खडा चाकाखाली आला तर मला तो बुडाला कळत होता. दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा होत्या, वारा थेट तोंडावर येत होता, आणि मी ताशी किती वेगाने चाललोय हे पाहायला काटाच नव्हता, दादाने वजन वाढतं म्हणून लावला नव्हता. पहिल्या मोठ्या वळणावर मागची बाजू सुटेल म्हणून मी तयारीत होतो. ती सुटली नाही. मी पुढच्या वळणावर जास्त जोरात गेलो, तरी नाही. मग माझ्या लक्षात आलं की मी एकटाच मोठ्याने हसतोय. कधीपासून हसत होतो कोण जाणे.

एका पानटपरीसमोर थांबलो. मोपेडवरचे एक काका गाडीभोवती पूर्ण फेरी मारून आले.

"ॲव्हरेज काय देते?" त्यांनी विचारलं.

हा प्रश्न मला माझ्या गाडीबद्दल आठवड्यातून दोनदा विचारतात आणि मी दोन्ही वेळा खोटं सांगतो. इथे मला उत्तरच माहीत नव्हतं. "माझ्या भावानं बनवली," मी म्हणालो. ते उत्तर त्यांच्या प्रश्नाचं नव्हतं, पण त्यांना पटलं.

परत येताना मला राग आला. दादाचाच राग आला. मला विकत घेऊनही जे मिळालं नव्हतं ते या माणसाने कूलरच्या फायबरमधून आणि म्हाताऱ्या इंजिनातून बनवलं होतं, आणि तो तिकडे इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या मताची वाट पाहत उभा होता. मला त्याचा अभिमानही वाटत होता, आणि अभिमान वाटतोय याचाही राग येत होता. वहिनीला दिलेला शब्द आठवला. तो मोडला तर ते घर जाईल कुठे, हेही आठवलं. कंपनीचं क्वार्टर, पगार, तिचं ते दोन महिन्यांचं धान्य. गाडी चांगली आहे हे खरं, पण सहा गाड्यांनंतर सातवी कोण घेणार हे त्या गाडीला विचारून कळणार नव्हतं. शेड दिसलं तेव्हा मी तोंड गंभीर करून घेतलं.

शेडात उतरल्यावर मी बोललो, आणि फार चांगलं बोललो. आधी थोडी स्तुती केली, कारण नुसती निंदा न्यायाधीशालाही पटत नाही. मग स्टिअरिंगवर आलो, मग ब्रेकवर. मागची बाजू कशी सुटते ते हाताने करून दाखवलं. माझ्या गाडीत कसं सुरक्षित वाटतं ते सांगितलं. "छंद म्हनून मस्त आहे, दादा," मी शेवटी म्हणालो, "पण लोकांले चालवाले देण्यासारखी नाही."

दादा फडक्याला हात पुसत ऐकत होता. त्याने एकही प्रश्न विचारला नाही. तो टर्बाइनवाला माणूस, एरवी एका नटबोल्टवर तासभर भांडेल.

"बरं," तो म्हणाला. "तू सांगतलं न, झालं मंग. तुमी निघा, मी शेड बंद करून येतो."

खटला जिंकल्यावर मला भूक लागते. त्या दिवशी वहिनीने पुढे केलेले पोहे मला खाववले नाहीत.

परतीच्या रस्त्यावर वहिनी आभार मानेल असं मला वाटलं होतं, निदान सुटकेचा एखादा उसासा तरी. डबा मांडीवर नव्हता, दादासाठी ती ठेवून आली होती, तरी हात डबा धरल्यासारखेच होते. वसाहत मागे पडली, मोठा रस्ता लागला, तेव्हा ती बोलली.

"भाऊजी, खरंच तेवढी वाईट आहे का?"

"वहिनी, तुमीच त सांगतलं होतं."

"मी बोलाले सांगतलं होतं, ते तुमी बोलले. आता मी इचारून राहिली."

मी रस्त्याकडे पाहत राहिलो, म्हणजे बॉनेटकडे. खोटं बोलायचं तर आता दुसऱ्यांदा बोलावं लागलं असतं, तेही फी न घेता.

"नाही," मी म्हणालो. "वाईट नाही. मी अशी गाडी कधी चालवली नाही."

"तुमच्या ह्या गाडीपेक्षा?"

"ह्या गाडीच्या पावतीवर त्यानं भंगार लिहिलं, ते बरोबरच लिहिलं."

वहिनी हसली नाही. तिने खिडकीतून बाहेर पाहिलं, पदर सारखा केला, पुन्हा बाहेर पाहिलं.

"मंग गाडी वळवा," ती म्हणाली.

माझी गाडी वळवणं हा एक स्वतंत्र कार्यक्रम असतो. एकदा मागे, एकदा पुढे, पुन्हा मागे, दोन्ही बाजूंचे ट्रक हॉर्न वाजवतायत, एका ट्रकवाल्याने खाली वाकून माझ्या आईची चौकशी केली. वहिनी एकदाही हँडल धरून बसली नाही.

शेडाचं शटर अर्धं खाली होतं. दादा आत एका उलट्या क्रेटवर बसून डबा खात होता. मित्र गेला होता. गाडीवर ताडपत्री टाकून झाली होती, चारी बाजूंनी दोरी बांधून.

"काय विसरलं?" दादाने विचारलं.

"भाऊजी खोटं बोलले," वहिनी म्हणाली. "मीच लावलं बोलाले."

"मालूम आहे," दादा म्हणाला आणि माझ्याकडे बोट केलं. "टाकीपर्यंत जाऊन ये म्हटलं, त हा पाऊन तास गायब. दातात किडे घेऊन आला वापस. वाईट गाडी कोनी पाऊन तास फिरवते का?"

मी आरशात पाहिलं नव्हतं. जिभेने चाचपून पाहिलं, किडा खरंच होता.

"मंग तुमी गप काहून राहिले?" वहिनीने विचारलं.

"हा सांगून राहिला होता तवा तू खाली पाहून राहिली होती. मले समजलं का हे बोलनं कोनाचं आहे. तुले नको आहे त जाऊ दे म्हटलं."

"मले नको असं नाही," वहिनी म्हणाली. आवाज चढला नाही, पण ती उभी होती तिथेच शटरला हात लावून उभी राहिली. "मले भेव वाटते. माहे बाबा गिरणी बंद झाल्यावरही डबा घेऊन निंघत होते. दिवसभर गेटपाशी बसत होते अन् संध्याकाळी खाली डबा घेऊन येत होते. आईले वाटे, खाल्लं. ते कुत्र्याले टाकत होते. एवढ्या वर्षांत मी हे तुमाले सांगतलं नाही. मले लय भेव वाटते. तुमाले नाही वाटत का?"

दादाने हातातला घास डब्यात परत ठेवला. मी त्याला लहानपणापासून ओळखतो. ब्रेक नसलेल्या फळीवर मला पुढे बसवून उतारावरून सोडणारा माणूस तो, मी त्याला कधी भ्यालेलं पाहिलं नव्हतं, आणि म्हणूनच मी त्याच्या प्रत्येक गाडीत बसत आलो होतो.

"वाटते," दादा म्हणाला. "झोप नाही लागत मले. तुह्यापुढं कसं सांगू? म्हनून याले म्हटलं तू सांग. हा वाईट म्हनला तवा आतून जरासं हलकंच वाटलं मले. गाडी चांगली आहे हे मालूम असून."

मला काहीतरी बोलावंसं वाटलं, पण माझं त्या दिवसाचं बोलून झालं होतं.

वहिनी आत आली. तिने ताडपत्रीची एक दोरी सोडली, मग दुसरी, मग कोपऱ्यातला दुसरा क्रेट पायाने ओढत दादाजवळ आणला आणि त्यावर बसली.

"उद्या राजीनाम्याचा अर्ज देऊन टाका," ती म्हणाली. "आपन दोघं संगच भेऊ."